ते सगळे एकाच रक्ताचे का?

बोटीवरच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हटकून विचारतं, "फिलिपिनो, हवाईवाले, मादागास्करवाले, सगळ्यांच्या भाषा एकाच घराण्यातल्या म्हणता, मग ती माणसं एकाच रक्ताची का हो?" त्या घराण्याला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मला हा नाद लागला मादागास्करच्या तोआमासिना बंदरात. धक्क्यावरचे हमाल पोती मोजत होते: तेलू, एफट्र, दिमी, एनिना, फितू, वालू. कठड्याला रेलून उभा असलेला आमचा फिलिपिनो बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, एकदम सावरला आणि पुटपुटू लागला: ततलो, आपत, लिमा, आनिम, पितो, वालो. तीन ते आठ! मध्ये अख्खा हिंदी महासागर. 'आठ' ऐकून तो हसला, 'पाच' मात्र त्याला पटेना. पण मालागासीत, म्हणजे मादागास्करच्या भाषेत, 'प'चा 'फ' होतो आणि पुढे 'इ' आला की 'ल'चा 'द' होतो, तेही नेमाने. म्हणून पितोचं फितू, लिमाचं दिमी. योगायोग इतका शिस्तीचा नसतो. हवाईत तर लिमा म्हणजे हातसुद्धा.

मालागासीची सख्खी बहीण म्हणावी अशी भाषा, मान्यान, बोर्निओत बोलतात. नॉर्वेच्या ओट्टो दाल यांनी १९५१ साली हे नातं दाखवून दिलं. मादागास्करवाल्यांच्या रक्ताचं विचाराल तर ते काही तिकडचं, काही आफ्रिकेचं, आणि आफ्रिकेचं जरा जास्तच. शब्दांतही ते दिसतं: चंद्र, आभाळ, दगड बोर्निओकडचे, गुरं आणि कोंबडी आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधली. वस्तूंचं तर विचारूच नका. मादागास्करच्या किनाऱ्यावर उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचा ओंडका बांधलेली, होडी पाहिली तेव्हा मला मालवणच आठवलं. म्हणून काय आम्ही बोर्निओचे?

पण मला खरा चक्रावून टाकतो तो वानुआतू, पॅसिफिकमधला बेटांचा देश. एफाटे बेटावर तेओमा इथे सुमारे ३००० वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांमधला डीएनए २०१६ साली प्रसिद्ध झाला. ती माणसं जवळजवळ पूर्णपणे आशियाई वंशाची, तैवान-फिलिपिन्सकडच्या लोकांच्या नात्यातली निघाली. हे भाषाघराणं निघालंही तैवानमधूनच. आजचे वानुआतूवासी मात्र बहुतांशी पापुअन, म्हणजे न्यू गिनीकडच्या, वंशाचे आहेत. म्हणजे आधीच्यांच्या मागून, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीपासून, दुसरे लोक येत गेले आणि रक्त जवळपास पालटलं. मग भाषाही पालटायला हवी होती ना? तिथे शंभराहून जास्त देशी भाषा आहेत, आणि झाडून सगळ्या त्याच जुन्या घराण्यातल्या! एकदम लोंढा आला नाही, थोडेथोडे येत राहिले, सोयरिकी होत राहिल्या, असं अभ्यासक सांगतात. मला ते पटतं. सासरची भाषा उचलणाऱ्या सुना आपणही पाहिल्या आहेत.

तेव्हा भाषेचं घराणं एक, हो. रक्ताचं, बेटागणिक वेगळं उत्तर.

मॉरिशसला एकदा एका मराठी घरी गणपतीला गेलो होतो. यजमानांचे पूर्वज मजूर म्हणून कोकणातून गेलेले. आरती खणखणीत मराठीत झाली. घालीन लोटांगण संपलं, आणि घरातली मंडळी आपापसांत क्रिओल या तिथल्या बोलीत बोलू लागली. मी प्रसाद हातात धरून ऐकत बसलो.