झोनाटा की करेक्टा? शेवटी तोंड दिसलं!

पेरूवर दिसलेली एक फळमाशी नेमकी कुठल्या जातीची, हे शोधतोय. मागच्या वेळी ‘ती डॉर्सालिस जातीची नाही’ एवढ्यावर आपण थांबलो होतो. पंखाच्या पुढच्या कडेला सलग तपकिरी पट्टी नव्हती, टोकाशी नुसता ठिपका. पाठीवर मधला पिवळा पट्टा नाही, म्हणजे काकडी-कारल्यावरची कुकर्बिटीही बाद. उरल्या दोन जाती, झोनाटा आणि करेक्टा. तेव्हापासून पंधरा दिवस मी एका माशीच्या तोंडामागे आहे.

दोघींचा भरवशाचा फरक तोंडावरच आहे ना! झोनाटाचे दोन काळे ठिपके गोल आणि सुटे. करेक्टाचे आडवे पसरून एकमेकांना भिडलेले. पाठीच्या रंगावरून सांगतो म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पेरूच्या झाडाखालच्या हिरवट उजेडात लालसर-तपकिरी आणि काळपट वेगळे करून दाखवा, मी चहा पाजतो.

२१२ फोटो काढले. तोंड समोरून आलं ९ फोटोंत, आणि त्यातल्या ६ फोटोंत थेंब! पोट भरलं की ही बया पानाखाली निवांत बसते, तोंडातून पाण्याचा थेंब बाहेर काढते, आत ओढते, परत काढते. तो थेंब नेमका ठिपक्यांच्या खाली लोंबतो आणि त्यात फ्लॅश असा चमकतो की तोंडाच्या जागी नुसता बल्ब दिसतो.

मध्येच मोबाइलची क्लिप लेन्स मागवून पाहिली. मधला भाग बरा, कडा ताकासारख्या. गुपचूप रेनॉक्स २५० वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायच्या क्लोज-अप भिंगावर, परत आलो. फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझर अजून बटर पेपरचाच, आणि तो बदलायचा विचारही नाही.

रविवारी चोपड्याजवळ मामांच्या मळ्यात पहाटेच गेलो. थंडीने माश्या आखडलेल्या. एक पानाच्या कडेवर बसून पुढचे पाय एकमेकांवर घासत होती, थेंब-बिंब काही नाही. मी पालथा पडलेला बघून मामा म्हणाले, “काय करी ऱ्हायना रे भाऊ? माशीना फोटू?” तेवढ्यात तिने मान वळवली. चार फ्रेम मिळाल्या. तिसरीत मिशांखाली दोन ठिपके, गोल, मधे स्वच्छ पिवळी जागा. झोनाटा! इंग्रजीत हिला पीचची माशी म्हणतात. चोपड्यात पीच कुठलं, पेरूवर भागवते.

आता जळगावच्या मेहरुणच्या बोरांकडे, बोरावरच्या फळमाशीच्या म्हणजे कार्पोमायाच्या मागे, जायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना डोक्यात आलं, एका माशीवरून झाडावरच्या सगळ्या माश्यांना झोनाटा कसं म्हणायचं? दोघीही पेरूवर येतात. मामा म्हणतात फळमाश्या धरायच्या रक्षक सापळ्यातल्या मेलेल्या घेऊन जा. पण त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला नुसते नर येतात, तेही दोन्हींचे, वर डॉर्सालिसचेही. ते याच झाडाचे कशावरून? त्यापेक्षा गळालेले किडके पेरू वाळूवर ठेवतो, कोषातून निघतील तेवढ्या सगळ्यांची तोंडं बघतो. नवी माशी फिकट असते, म्हणून रंग धरेपर्यंत दम धरायचा.

मामींकडे लोणच्याची रिकामी बरणी मागितली आहे. कशाला हवी ते अजून सांगितलेलं नाही.