पन्हाळ्यावरचा रणगाडा

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या घरात माळा आवरायचा दिवस ठरतो. ठरवते आई, चढतो मी. यंदा गुडघ्याचं कारण सांगून बघितलं, तर "स्टूल धरायला पोरगं आहे की" असं उत्तर मिळालं. पोरगं म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आलाय, आणि एका हातानं स्टूल धरून दुसऱ्या हातानं मोबाईल वाचू शकतो.

वर नेहमीचंच. तांब्याचा बंब, फुटक्या मुठीची किसणी, कुणाच्या तरी लग्नातले स्टीलचे डबे आणि त्यांच्या मागं बिस्किटांचा गंजका पत्र्याचा डबा. हलवला तर खुळखुळला. उघडून बघितलं आणि वरच बसलो. आत मातीचे मावळे होते. एकाला मुंडकं नव्हतं, एकाचा ढालीचा हात गेलेला. त्यांच्यात मिसळलेले तीन हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक, डोक्याला हेल्मेट, हातात रायफल. एक तर पोटावर झोपून नेम धरलेला. आणि तळाला एक रणगाडा, एका बाजूची चाकं नसलेला.

"मामा, झोपलास काय वर?" खालनं आवाज आला.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला परडं होतं. सहामाही संपली की दुसऱ्या दिवशी तिथं किल्ल्याचं काम निघायचं. मुख्य अभियंता दादा. माझ्याकडं माती चाळणे आणि शिव्या खाणे ही खाती. दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर राडीत बुचकळलेलं पोतं अंथरायचं, कडे काढायचे, पायऱ्या कोरायच्या, हळीव पेरून रोज सकाळी उगवले का बघायचं. दवाखान्यातनं मागून आणलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं. गुहेत वाघ. तो वाघ महाराजांच्या घोड्यापेक्षा मोठा होता, पण त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही. मावळे कुंभार गल्लीतनं यायचे, महाराज दरवर्षी नवे, कारण मागच्या वर्षीच्या महाराजांचं नाक हमखास गेलेलं असायचं.

आणि माझा रणगाडा. जत्रेत हट्ट करून घेतलेला. तो मला गडावर पाहिजे होता, दरवाज्याशेजारी.

"महाराजांच्या टायमाला रणगाडा होता काय?" दादा.

"नव्हता. म्हणून तर ठेवतोय."

दादानं तो उचलून परड्यात भिरकावला. मी परत आणला. शेवटी आईच्या मध्यस्थीनं गडाखाली, वाघाच्या गुहेजवळ त्याला जागा मिळाली. सैनिकांचं त्रांगडं वेगळंच. मावळा टीचभर, सैनिक बोटभर. त्यामुळं हेल्मेट घालून मोठ्या ऐटीत आलेली ती आधुनिक पलटण मावळ्यांच्या गुडघ्याशी घुटमळणाऱ्या पोरांसारखी दिसायची. पोटावरच्या सैनिकाची बंदूक, कसाही ठेवला तरी, नेमकी सिंहासनाकडं रोखलेली. येता-जाता त्याचं तोंड फिरवून ठेवणं हा माझा दिवाळीतला उद्योग.

हे सगळं मी भाच्याला सांगत होतो आणि तो हसत होता. कारण मोबाईलवर तो तेच वाचत होता. गोष्ट अशी की आजच्या लष्कराची एक तुकडी, वीसेक ट्रक आणि ड्रोनसकट, पानिपतावर जाऊन पडते. काहीतरी निळा उजेड होतो म्हणे. पुढं काय होणार हे सांगायला नको, अब्दालीचं काही खरं नाही. असल्या गोष्टींचं जगभर पीक आहे. कुठं आजची युद्धनौका 1941 च्या समुद्रात निघते, कुठं अख्खं गाव उचलून शेकडो वर्षं मागं ठेवलं जातं. विश्वासरावांना ती गोळी नुसती चाटून गेली असती तर काय झालं असतं, ही कल्पना मराठीतही एका खगोलशास्त्रज्ञानं केव्हाच लिहून ठेवली आहे, आणि त्यांचा जन्मही आमच्या कोल्हापूरचाच. पण त्यात बंदुका-ट्रक नव्हते, एक प्राध्यापक होता. भाच्याला ट्रकवालं आवडतं.

"तुला टाकलं पानिपतात, तर तू काय करशील?" त्यानं विचारलं.

प्रश्न सोपा वाटला. मला सगळं माहीत आहे की. 14 जानेवारी 1761. त्याआधी यमुनेचा पूर उतरायची वाट बघत आपण पलीकडं बेसावध राहिलो, आणि ऑक्टोबरात बागपतजवळ अब्दाली नदी उतरून आला तो आपल्या आणि दिल्लीच्या मधे. मग अडीच महिने उपासमार. मी सरळ भाऊसाहेबांच्या डेऱ्यात जाणार आणि सांगणार की बागपतवर चौकी बसवा.

पण जाणार कसा? पहारेकरी विचारणार, कोण तुम्ही, कुणाकडचे? मी म्हणणार, मंगळवार पेठ. चिठ्ठी पाठवावी तर कारभार सगळा मोडीत. मोडीची पाटी बघितली की मला ती दोरा गुंतल्यासारखी दिसते. तारीख सांगावी तर 14 जानेवारी हे तिथं कुणाला कळणार? पौष शुद्ध अष्टमी, शके 1682 असं म्हणावं लागणार, आणि ते मी आता पाठ केलंय, डोक्यात निळा उजेड पडल्यावर आठवेल याची खात्री नाही. समजा आठवलं, समजा कुणी ऐकलंही. "हे तुम्हास कसे कळले?" याचं उत्तर काय? त्या छावणीत भविष्य सांगणारे कमी असतील असं वाटत नाही. त्यांच्यात आणखी एक, पँट घातलेला.

या गोष्टींतले नायक इंजिनिअर असतात, नाहीतर कमांडो, नाहीतर इतिहासाचे प्राध्यापक. कधीतरी बँकेतला कॅशिअर जावा. मी साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात नोकरी काढली. ऊसतोडीचा प्रोग्रॅम, टोळ्यांच्या उचली, काट्यावरच्या पावत्या. बंदुकीची दारू सोरा, गंधक आणि कोळशाची होते एवढं शाळेत शिकलो, पण सोरा कसा दिसतो विचाराल तर सांगता येणार नाही. बीपीची गोळी रोज सकाळी लागते. पुण्याचं पाणी बाधतं मला, यमुनेचं काय घेऊन बसलात.

आणि पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त होते हे आपल्याला शाळेपासून रागानं सांगितलेलं आहे. बायकापोरं, यात्रेकरू, वाणी, हमाल, कारकून. बाजारबुणगे. कुणाला कमी लेखायचं असेल तर हा शब्द आपण अजून वापरतो, मीसुद्धा वापरलाय, कारखान्याच्या मीटिंगमधे. आता हिशेब घालून बघितला तर त्या छावणीत माझी जागा नेमकी तीच. लढाईनंतरच्या त्या सावकारी पत्रातलं मोत्यांचं आणि मोहरांचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. गळालेली मोत्यं दोन, हरवलेल्या मोहरा सत्तावीस. मी शेवटच्या शब्दातला. खुर्दा.

भाच्याला हे पटलं नाही. "तू निगेटिव्ह बोलतोस," म्हणाला. "बरं, पानिपत लांब राहिलं. आपल्या पन्हाळ्यावर जा. 1660."

पन्हाळ्याला मी जाऊन आलोय. म्हणजे 1660 मधे नाही, दोन वर्षांमागं जुलैत, तालमीतल्या मित्रांबरोबर, पन्हाळा ते पावनखिंड. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. मसाई पठारावर धुकं असं की पुढच्या माणसाची पिशवी तेवढी दिसत होती. करपेवाडीच्या अलीकडं माझ्या बुटाचा तळ सुटला आणि चिखलात राहिला. तो सुतळीनं बांधून मी एका घराच्या वळचणीला उभा होतो, तर आतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मागं कोन लागलंय काय तुमच्या?"

म्हटलं, नाही.

"मग?"

या "मग"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा मात्र मिळाला. गुळाचा.

हेच अंतर आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराजांचे लोक पालखी खांद्यावर घेऊन तोडत गेले आणि मागं खरोखर कोण लागलं होतं. चार महिन्यांवर वेढा पडलेला. सिद्दी जौहरनं पाऊस लागला तरी मोर्चे हलवले नव्हते. गंमत म्हणजे त्या वेढ्यात भाच्याच्या गोष्टीतलं पात्रही होतं. राजापूरच्या वखारीतला इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन, नव्या तोफा आणि आपलं निशाण घेऊन परक्याच्या लढाईत हौसेनं आला. अंगावर आधुनिक हत्यार, डोक्यात नफ्याचा हिशेब. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं, वखार खणून काढली आणि साहेबाला कैदेत घातलं. ट्रक घेऊन निघालेल्यांनी हे प्रकरण आधी वाचावं.

पण मी त्या वळचणीला उभा होतो तेव्हा डोक्यात रेव्हिंग्टन नव्हता. शिवा काशीद होता. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा, न्हावी. महाराजांसारखा पोशाख करून दुसऱ्या पालखीत बसला आणि मुद्दाम सापडला. काळात मागं जाणाऱ्या माणसाकडं भांडवल एकच असतं, पुढं काय होणार ते माहीत असणं. तेवढ्यावर सगळ्या गोष्टी चालतात. मी त्या पालखीपाशी जाऊन काय सांगणार? सापडशील? तो त्यासाठीच बसला होता. तुला सोडणार नाहीत? तेही त्याला ठाऊक. खिंडीत जाऊन बाजीप्रभूंना काय सांगू? निम्मी माणसं घेऊन ते तिथं थांबले तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्तच माहीत होतं. मी फार तर तारीख सांगीन. 13 जुलै. त्यांना तिचा काय उपयोग?

"मग गोष्टच होत नाही, मामा," भाचा म्हणाला.

होत नाही खरी.

संध्याकाळी सगळे कापड घ्यायला कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरला गेलो. दिवाळीच्या आधी तिथं गाडी लावणं हीच एक लढाई, तिचं वर्णन करत नाही. ताईनं सहाव्या दुकानात पहिल्या दुकानातली साडी पसंत केली. मी बाहेर पायरीवर बसलो होतो आणि आजी आठवली. आजी या भागाला गांधीनगर कधी म्हणाली नाही. "वळिवड्याचा क्याम्प" म्हणायची.

1943 पासून 1948 पर्यंत इथं पोलंडची माणसं राहिली. पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं घरातनं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली, तिथनं सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात, आणि शेवटी पंचगंगेच्या काठाला. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं उभं केलं त्यांनी इथं. आजी सांगायची, गोऱ्या बायका मंडईत यायच्या, बोटं मोजून भाव करायच्या, आणि एक जण मेथीची जुडी नाकाला लावून बराच वेळ उभी राहिली होती. एवढीच गोष्ट. आजी ती दरवर्षी सांगायची आणि आम्ही विचारायचो, पुढं काय झालं? पुढं काही नाही, मेथी घेऊन गेली.

निळा उजेड वगैरे काही न होता पडलेली माणसं ही. 1945 ला युद्ध संपलं, गोष्टीत इथं यंत्र परत सुरू होतं आणि नायक घरी जातो. यांच्यातल्या बहुतेकांचं घर पूर्व पोलंडात, आणि ती पूर्व बाजू तोवर रशियाच्या हद्दीत गेलेली. नकाशाच बदलला होता. परत जायचं तर कुठल्या गावाला? मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठं. बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनं हुसकलेले सिंधी त्यांच्यात राहायला आले. त्यांनी दुकानं काढली. त्यातल्याच एका दुकानाच्या पायरीवर मी, ताईची साडी व्हायची वाट बघत.

भाच्याला हे काहीच माहीत नव्हतं. पानिपतावरचे ट्रक मोजता येतात त्याला. मला तरी कुठं, आजी नसती तर. परतताना तो गाडीत मोबाईल न बघता बसला होता, किंवा चार्जिंग संपलं असेल.

घरी आलो तर गल्लीतल्या पोरांचा किल्ला निम्मा झालेला. मी तो पत्र्याचा डबा त्यांना देऊन टाकला. मुंडकं नसलेला मावळा त्यांनी लगेच कड्याखाली टाकला, लढाईत पडलेला म्हणून. रणगाडा दरवाज्याशेजारी लागला, कुणी हरकत घेतली नाही. दादा पुण्यात असतो, त्याला फोटो पाठवला, त्यानं नुसता अंगठा पाठवला.

पोटावर झोपलेला सैनिक हातात घेऊन एक बारकी पोरगी माझ्यापाशी आली.

"काका, हा कुणाकडचा?"

मी बराच वेळ विचार केला. मग म्हटलं, "ठेव कुठंही. तोंड तेवढं गडाकडं करू नको."