पहिल्या पावसानंतर सोलापूर: बेडूक, सरडे आणि उलटलेले दगड

सोलापूरला बेडूक बघायला यायचं तर सुट्टी बघून नको, पाऊस बघून या. पहिला दणकून पाऊस झाला की पुढच्या तीन-चार रात्रींत जे दिसतं ते नंतर महिनाभर फिरूनही दिसत नाही. या वेळी जूनमधल्या अशाच पावसाच्या दुसऱ्या रात्री हिप्परगा तलावाची कड धरली, नंतर सकाळी सिद्धेश्वर वनविहार आणि बार्शी रस्त्यावरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य.

तलावापेक्षा कडेच्या डबक्यांत गर्दी जास्त होती. तिथे अंडी खायला मासे नसतात. बुलफ्रॉगचे नर हळदीसारखे पिवळे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या. बिळात राहणारा स्फिरोथिका बेडूक मात्र बांधाच्या भुसभुशीत मातीत शोधावा लागतो. मागच्या पायांच्या टाचांना फावड्यासारखे टणक उंचवटे, त्यांनी तो माती सारत उलटा खाली जातो; शेवटी फक्त डोळे उरतात.

मोजणीसाठी १०० मीटरची पट्टी आखा, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर. दोघांनी अर्धा तास, म्हणजे एक मनुष्यतास. तापमान, आर्द्रता, शेवटचा पाऊस कधी पडला हे सोबत लिहा. काहीच न सापडलेली पट्टीही लिहायची. ती गाळली की पुढच्या वर्षीची तुलना खोटी ठरते. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा, कमरेशी धरली तर बेडकाचे डोळे चमकलेले दिसत नाहीत. गवतातली बारीक हिरवट चमक बहुतेक कोळ्याची असते.

दगडांबाबत कडक राहा. लांब दांड्याच्या हुकने, आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे दगडाची आड आपल्या आणि फुरशाच्या मध्ये राहते. बोटं खाली घालायची नाहीत. आतलं जनावर आधी बाजूला जाऊ द्या, मग दगड त्याच खाचेत, त्याच बाजूने टेकवा. वनविहारात कितीतरी दगड उताणे पडलेले दिसले. खालची ओल दोन दिवसांत उडते आणि पाली, विंचू, सापसुरळ्या सगळ्यांचं घर जातं. हे बघून वाईट वाटतं, कारण टाळणं अगदी सोपं आहे. खाली जनावरं आसऱ्याला यावीत म्हणून पत्रे अंथरून पाहणी करायची असेल तर बाभळीच्या सावलीत ठेवा. उन्हात ते तव्यासारखे तापतात, शिवाय भंगारात जातात. जुनी कौलं बरी.

नान्नजला सरडे बघायचे तर कोवळं ऊन. रंगीत गळपंखा फुलवणाऱ्या सरड्यांच्या एका प्रजातीला (जीनसला) २०१६ मध्ये ‘सराडा’ हे नाव मिळालं, ते आपल्या ‘सरडा’ शब्दावरूनच. नराला उघडा, खुरटा माळ आणि चढून बसायला दगड लागतो. म्हणून माळ ‘पडीक’ समजून झाडं लावू नका.

वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. अभयारण्यात रात्री फिरणं आणि प्राणी हाताळणं तिच्याशिवाय नाही. डासांचं मलम लावलेल्या हातांनी बेडूक धरू नका, त्याची कातडी सगळं शोषते. एका पाणथळीवरून दुसरीकडे जाताना बुटांचा चिखल घासा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून दहा मिनिटं बुडवा, वाळवा. हे पाण्यापासून लांब करा. साप चावला तर पट्टी आवळू नका, चिरू नका. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करा आणि सिव्हिल गाठा.

सिमेंटचे उभ्या कडांचे पाणवठे दिसले तर परवानगी घेऊन आत तळापासून काठापर्यंत दगडांची उतरण रचा. शेपूट शरीरात जिरलेली बेडकाची पिल्लं तिथूनच बाहेर येतात.