जपानी क्रियापदांचे गट समजून घेताना

पुण्यातील संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकताना सुरुवातीचे धडे 'मास्' लागलेल्या सभ्य रूपांवर निभावले : ताबेमास् म्हणजे खाणे, काकिमास् म्हणजे लिहिणे. नकारार्थी 'नाई' आले तेव्हा मात्र ताबेनाई आणि काकानाई अशा दोन वाटा फुटल्या, आणि क्रियापदाचा गट ठरवल्यावाचून पुढे सरकता येईना.

'मास्'च्या आधी एकार असल्यास दुसरा गट, इकार असल्यास बहुधा पहिला, आणि 'सुरु' (करणे) व 'कुरु' (येणे) ही दोन अनियमित क्रियापदे तिसऱ्या गटात, असा नियम आम्हाला सांगितला गेला. त्यातल्या 'बहुधा'ने मला बरेच दिवस छळले, कारण ओकिमास् हे रूप 'ओकु' (ठेवणे) आणि 'ओकिरु' (उठणे) या दोन्हींचे असते. ते कितीही निरखले तरी गट कळत नाही.

उलगडा झाला तो क्रियापदे देवनागरीत लिहून त्यांचा धातू सुटा केल्यावर. जपानीच्या काना या अक्षरलिपीत 'कु' हे एकसंध चिन्ह आहे, त्यातला क् वेगळा लिहिण्याची सोय नाही. आपल्याकडे ती आहे. काक् हा व्यंजनान्त धातू धरला की काकानाई, काकिमास्, काकु, काकेबा, काकोउ अशी का-कि-कु-के-कोची ओळच उभी राहते, आणि जपानी शालेय व्याकरण या गटाला 'गोदान', म्हणजे पाच पायऱ्यांचा, का म्हणते ते आपोआप कळते. (जपानी वर्णक्रमावर बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासाचा ठसा आहे, त्यामुळे हा मेळ निव्वळ योगायोग नव्हे.) दुसऱ्या गटातील ताबे, ओकि हे धातू स्वरान्त असल्याने प्रत्यय थेट जोडला जातो.

शब्दकोशातील रूप इरु किंवा एरुने संपत नसेल, तर सुरु-कुरु वगळता गट निःशंक पहिला. वाकारु, त्सुकुरु, नोरु यांची चिंता नको. खरी अडचण उरते ती इरु-एरुवाल्यांची. परतणे या अर्थाच्या काएरुचा धातू काएर्, म्हणून काएरानाई, आणि 'ते' लागलेले रूप ('परतून') काएत्ते. बदलणे या अर्थाच्या काएरुचा धातू काए, म्हणून काएनाई, काएते. हाइरु, हाशिरु, शिरु हीसुद्धा पहिल्या गटातलीच, आणि ती पाठच करावी लागतात. म्हणून प्रत्येक नवे क्रियापद नकारार्थी रूपासकट वहीत उतरवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. 'नाई'आधी आकार दिसला की पहिला गट नक्की. विकत घेणे या अर्थाच्या 'काउ'चे कावानाई होते, कारण धातू मुळात काव् आहे आणि त्यातला व् आजच्या भाषेत केवळ आकारापूर्वीच टिकून राहिला आहे.