दुसऱ्याच्या मापाची सायकल

सीटच्या दांड्याला काळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा होता. बाकी फ्रेम पुसूनपासून पाठवलेली. पण हा वेढा विकणाऱ्याच्या नजरेतून सुटला असावा. टेपच्या कडा ग्रीसने माखून, वर धूळ बसून कडक झालेल्या. मी नखाने उचकटायला गेलो आणि थांबलो. ही त्याच्या सीटची उंची होती. दांडा फ्रेमच्या नळीत घालायचा, टेप नळीच्या तोंडाला टेकली की माप बरोबर. पुन्हा पट्टी घेऊन मोजायला नको.

‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या, ते विचारू नका. जाहिरातीत एवढंच होतं: निवृत्त केइरिन खेळाडूची सरावाची फ्रेम. केइरिन काय ते पुढे येईलच.

आम्ही तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाईत राहतो. इथे आपली मंडळी इतकी की कढीपत्ता संपला तर बाजारात जावं लागत नाही, दोन मजले उतरावे लागतात. आणि सायकली तर विचारूच नका. शेजारच्या कासाई स्टेशनाखाली जमिनीच्या पोटात नऊ हजारांवर सायकली ठेवायची सोय आहे. आपण सायकल दारात उभी करायची, यंत्र ती गिळतं आणि कार्ड दाखवलं की परत ओकतं. अशा गावात पंधरा वर्षं मी पुढे टोपली आणि मागे कॅरिअर असलेली, इथे जिला मामाचारी म्हणतात ती आयांची सायकल चालवली. तिने कधी कुरकुर केली नाही. पण चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतं. कुणी ट्रेकिंग सुरू करतो, कुणी बासरी. मी फ्रेम घेतली.

केइरिन म्हणजे पैसे लावायची सायकल-शर्यत. आपल्याकडे महालक्ष्मीला घोडे धावतात, इथे माणसं. युद्धात बेचिराख झालेल्या शहरांना पैसा हवा होता, म्हणून १९४८ साली कायदा करून नगरपालिकांना या शर्यती भरवायची मुभा दिली आणि त्याच वर्षी कोकुरा शहरात पहिली शर्यत झाली. नऊ जण, नऊ रंग: एक नंबर पांढरा, दोन काळा, तीन लाल, असं करत नऊ नंबर जांभळा. पुढे एक जण वेग बांधून देतो, सगळे त्याच्यामागे शिस्तीत, आणि शेवटच्या दीडेक फेरीला तो बाजूला झाला की जे काही होतं ते एकदा तरी बघावं. ताशी ७० किलोमीटर, कोपराला कोपर, आणि सायकलीला ब्रेक नाही.

ब्रेक नाही, गिअर नाही, फ्रीव्हीलही नाही. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. आणि फ्रेम पोलादी. लोकांनी या चाकांवर पैसे लावलेले असतात, तेव्हा सायकलीमुळे कुणी पुढे जाऊ नये म्हणून सुट्या भागांवरसुद्धा मंजुरीचा ‘एनजेएस’ शिक्का लागतो. त्यामुळे या सायकली वर्षानुवर्षं जवळपास तशाच राहिल्या. दुसऱ्या देशातल्या शौकिनाला जी सायकल विंटेज वाटते, ती इथे एखाद्याच्या पोटापाण्याचं हत्यार असते. खेळाडू ती सुटी करून शर्यतीच्या गावी नेतो, तिथे स्वतः जोडतो. शर्यतीचे दिवस तिथेच वसतिगृहात राहायचं आणि मोबाइल जमा करायचा, बाहेरच्याशी संगनमत नको म्हणून. हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “तुला घेतील का रे?”

या सायकली माप घेऊन बांधतात, शिंपी कोट शिवतो तशा. ओसाकाकडच्या नागासावाचं नाव यात मोठं. कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला, त्याच्या सायकली नागासावाच्या हातच्या. त्या नावाच्या फ्रेमची किंमत बघून मी पान उलटलं. माझी फ्रेम कमी गाजलेल्या हाताची, निळी, वरच्या नळीवर घासलेल्या खुणा. पण सांध्यांवरचं काम असं की बोट फिरवलं तर पितळ कुठे संपलं आणि पोलाद कुठे सुरू झालं ते कळत नाही.

फ्रेम खांद्यावर टाकून मी वस्तीतल्या सायकलवाल्याकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ. मी त्यांना मनातल्या मनात मिस्त्रीकाका म्हणतो, कारण आमच्या गावच्या मिस्त्रीसारखेच तेही आधी सायकलीकडे बघतात, मग माणसाकडे, आणि दुसऱ्या बघण्यात त्यांचा उत्साह कमी होतो.

“रस्त्यावर चालवणार?”

“हो. ऑफिसला. सात किलोमीटर.”

“मग दोन ब्रेक.”

इथला कायदा तसाच आहे. पुढे-मागे ब्रेक हवेत, आणि ताशी १० किलोमीटरच्या वेगात दाबले की तीन मीटरांत सायकल थांबली पाहिजे. पाय रोखून मागचं चाक अडवता येतं हा युक्तिवाद पोलीस ऐकत नाहीत. ५० हजार येनांपर्यंत दंड होऊ शकतो. अडचण अशी की ही फ्रेम ब्रेक असा शब्द कधी ऐकलेलीच नाही. पुढच्या चिमट्याला ब्रेक अडकवायला भोक नाही, मागच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलालाही नाही.

“मग पाडा की भोक,” मी म्हणालो.

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. “मी पाडणार नाही.”

कारण सांगितलं नाही. नंतर माझं मलाच कळत गेलं. ज्या नळीच्या जाडीचा हिशोब कुणीतरी दशांश मिलिमीटरमध्ये केलाय, तिच्या ऐन डोक्यात भोक पाडायचं, आणि तिच्यावर बसायचं मी, वजन ८१ किलो. शेवटी नळीला बाहेरून आवळायचे पट्टे मिळाले, मधे रबर घालून ते बसवले, त्यावर ब्रेक. दिसायला वाईट दिसतं. लग्नातल्या शेरवानीवर मनगटाला बँडेज बांधल्यासारखं. पण थांबते.

चाकांचं प्रकरण त्याहून लांबलं. शर्यतीचं टायर रिमला गोंदाने चिकटवलेलं असतं आणि ट्यूब त्यात शिवून टाकलेली. पंक्चर काढायचं तर शिवण उसवायची, ठिगळ लावायचं, परत सुईदोरा घेऊन बसायचं. मला ऑफिस आहे. म्हणून साध्या टायरच्या नव्या रिमा आणल्या. मागचं हब मात्र ट्रॅकचंच लागतं, कारण फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर १२० मिलिमीटर, त्यात बाजारातलं नेहमीचं चाक बसत नाही. ३६ तारा विणून काकांनी दुपारभर चाकाचा आउट काढला. चाक फिरतंय, ते डोळे मिटून तारांवर नख फिरवतायत, एखादी तार बेसूर लागली की तिच्या टोकाच्या निप्पलला पाव आटा. तंबोरा जुळवताना असंच बसतात.

दात ठरवायची वेळ आली तेव्हा मी घरून हिशोब करून गेलो होतो. शर्यतीत पुढे ४९ आणि मागे १४ दात असले तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे साडेतीन फेरे, सात मीटरहून जास्त. ते सिग्नलवरून उठताना माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, पुढे ४८, मागे १६. बरोबर तिनाचा भाग जातो.

काका हसले. पहिल्यांदाच. “भाग जातो, म्हणूनच नको.”

गंमत अशी आहे. पाय रोखून चाक घसटवताना पाय नेहमी आडवे, एकाच स्थितीत येतात. पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचे नेमके तीन फेरे होत असतील तर दर वेळी टायरचा तोच इंच रस्त्याला लागणार आणि महिन्याभरात तिथेच टक्कल पडणार. ४६ ला १७ घेतले तर भाग जात नाही, आणि घसटा सतरा जागी वाटला जातो. शाळेत पूर्ण भागाकाराचे मार्क घेतलेला मी, मुकाट्याने ४६ आणि १७ घेऊन आलो.

मागची दातरी आवळायला जी लॉकरिंग असते तिचे आटे उलटे असतात. पाय रोखताना दातरी उलटी फिरून सुटू बघते आणि तसं करताना रिंग आणखी घट्ट होते. ज्याने पहिल्यांदा हे सुचवलं त्याला मनोमन नमस्कार.

आता बसायचा प्रश्न. दांडा घातला, टेप नळीच्या तोंडाला टेकवली आणि चढलो. म्हणजे मी त्याच्या मापात बसलो. गुडघे वर येत होते. तो माझ्याहून बुटका असणार. हँडल मात्र इतकं खाली आणि पुढे की नाक पुढच्या चाकाकडे, आणि मधे वरच्या नळीवर माझं पोट, गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या दिवाळ्यांसकट. त्याचं हँडल अरुंद, पोलादी, खोल वळलेलं. खांदे आवळून, मान खाली घालून, नऊ जणांच्या गर्दीतून फटीत घुसायला घडवलेलं. मला घुसायचं होतं ते फक्त सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये.

सीट दोन सेंटिमीटर वर गेली. हँडलची मान बदलून उंच घेतली, हँडल रुंद आणि उथळ. सीटही बदलली, त्याबद्दल जास्त बोलत नाही. जुनी सीट म्हणजे कातडं ओढलेला प्लॅस्टिकचा ठोकळा होता आणि मी तिच्यावर चार दिवस काढले. घंटा लावली, पितळी. दिवा लावला. चोरीविरोधी नोंदणीचा स्टिकर चिकटला. दर वस्तूगणिक सायकल थोडी थोडी संसाराला लागत होती आणि काका दर वस्तूगणिक थोडे थोडे गप्प होत होते.

पहिल्या दिवशी पन्नास मीटरवर एक खड्डा आला. हाफ पेडल शिकल्यापासून अंगात मुरलेली सवय: खड्डा दिसला की पाय थांबवायचे, ढुंगण उचलायचं. पाय थांबवले आणि सायकलने लाथ मारली. दुसरा शब्द नाही. पेडल खालून वर आलं आणि मला सीटवरून हातभर उचलून परत बसवलं. फुटपाथवरच्या आजीबाई वाकून सॉरी म्हणाल्या, जणू खड्डा त्यांनीच खणला होता.

दुसरी खोड हळू वळताना कळली. फ्रेम इतकी आखूड की हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. साध्या सायकलवर पाय मागे घेऊन रोखून धरता येतो. इथे पाय रोखता येत नाही. तो येणारच, चाकही येणारच, आणि दोघांची गाठ कुठे पडणार ते आधी ओळखावं लागतं. आमच्या इमारतीच्या फाटकातलं वळण घ्यायला मला तीन आठवडे लागले. त्याच काळात बायको तिच्या बॅटरीवाल्या सायकलवर, मागे धाकटा, पुढे तांदळाची पाच किलोची पिशवी, माझ्या शेजारून निघून जायची. मागे वळून न बघता घंटा वाजवायची.

पण कासाईबाशी पूल. आराकावा नदीवरचा लांबलचक पूल आहे, सकाळी त्यावरून खाडीचा वारा येतो. चढावर एक दिवस असं झालं की मी सायकल रेटत नव्हतो, चढाच्या वरच्या टोकाला सायकलच पाय फिरवून देत होती. पेडल ऐन वर येतं त्या मेल्या जागी अडकत नाही पाय. चाकाचा वेगच त्याला पलीकडे काढतो. लहानपणी आजी जात्यावर बसवून माझा हात खुंट्यावर आपल्या हाताखाली धरायची, तेव्हा अर्धा फेरा माझा आणि उरलेला आपोआप यायचा, तसं काहीसं. उतारावर मात्र उलटं: पाय मिक्सरमध्ये सापडल्यासारखे. तिथे मी दोन्ही ब्रेक दाबतो आणि पट्ट्यांना मनात धन्यवाद देतो.

जूनच्या पावसात पाठीवर चिखलाची सरळ रेघ उठते. मडगार्डला जागाच नाही.

ऑगस्टात उजव्या गुडघ्यामागे दुखायला लागलं. वय, म्हटलं. साखळी सैल झाली होती म्हणून दुकानात गेलो होतो. चाक फटीत केसभर मागे सरकवून काकांनी नट आवळले. तिथे फ्रेमवर नटाच्या दातांचे जुने ठसे आहेत, माझ्या नटापासून बोटभर पुढे. त्याचं चाक तिथे असायचं. मग त्यांनी मला स्टँडवर सायकलवर बसवून पेडल मारायला लावलं, मागे उभे राहून माझ्या कमरेकडे बघितलं. कंबर डुलत होती म्हणे. सीटच्या दांड्यावर आता दोन टेपा आहेत: माझी नळीच्या तोंडाशी, त्याची दोन सेंटिमीटर वर, उघड्यावर. काकांनी काही न विचारता नट सैल केला आणि सीट खाली दाबली, सहा मिलिमीटर. माझी टेप आत गेली. त्याची खाली आली.

“आठवडाभर चालवा,” ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मामाचारीकडे वळले.

सीट किंचित जास्तच खाली वाटत होती. सवयीने, बहुतेक. पुलाच्या अलीकडे मोबाइल वाजला: येताना कोथिंबीर. कोथिंबिरीची जुडी हँडलला अडकवून निघालो आणि फाटकातल्या वळणावर बुटाचं टोक चुकवायच्या नादात अर्धी जुडी पुढच्या चाकात गेली. तारांमधून हिरवं काढत बसलो होतो तेव्हा लक्षात आलं, गुडघा दुखत नव्हता.