चिंगीची जागा आधी, माझी नंतर

मांजर विमानाने न्यायचं ठरलं आणि पहिली अडचण निघाली ती आजीच्या सुकटीची. गिरगावातल्या आमच्या घरी चिंगीला येता-जाता सुकट मिळते, आणि विमानकंपनीचा काटा तर मांजर न् तिची बॅग एकत्रच तोलतो. "उपाशी ठेवून नेणार का गं तिला?" म्हणत आजीने डबा काही माळ्यावर टाकला नाही.

आपल्याकडे केबिनमध्ये प्राणी घेणाऱ्या कंपन्या मोजक्याच. इंडिगो सेवा-श्वान सोडले तर प्राणी घेत नाही. एअर इंडिया पूर्वीपासून नेते. अकासाने नोव्हेंबर 2022 मध्ये सुरुवात केली, तेव्हा मर्यादा बॅगेसकट 7 किलो होती, पुढे ती 10 झाली. शिवाय एका विमानात प्राण्यांना जागा अगदी थोड्या. म्हणून आधी फोन करून चिंगीचं नक्की केलं, मगच माझं बंगळुरूचं तिकीट काढलं.

कागदांसाठी परळला, बैलघोडा हॉस्पिटलात. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही. डॉक्टरांनी रेबीजच्या लसीची नोंद पाहिली, तपासून 'फिट टू फ्लाय' दिलं. झोपेच्या गोळीचं विचारलं तर साफ नाही म्हणाले. विमान वर गेलं की केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तितकी विरळ होते. त्यात गुंगीच्या औषधाने रक्तदाब आणि श्वास दोन्ही मंदावतात.

बाकावर शेजारी एक जोडपं पग घेऊन बसलं होतं. त्यांना लंडनला जायचं होतं. त्यांची यादी ऐकून माझं बंगळुरू अगदीच किरकोळ वाटायला लागलं. आधी मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबायचं. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी कार्गोतूनच येतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास होतो म्हणून कित्येक कंपन्या पग घेतच नाहीत. पग मात्र चिंगीकडे बघून शेपूट हलवत होता.

निघायच्या दिवशी काळी-पिवळीवाल्याने बॅगेत डोकावून विचारलं, "सीट खराब करेगी क्या?" खाली शोषून घेणारं पॅड घातलंय म्हटल्यावर बसू दिलं. कोस्टल रोड, सी लिंक, मग सहारचा उन्नत रस्ता. टी-टूला पोचेपर्यंत चिंगीने हूं की चूं केलं नाही. काट्यावरही आम्ही पास झालो. सुकटीसकट!

खरी कसोटी सिक्युरिटीला. बॅग एकटी एक्स-रेमधून जाते आणि मांजर कडेवर घ्यावं लागतं. एवढ्या गर्दीत, ट्रे आपटण्याच्या आवाजात सुटलं तर ते कुठल्या छतावर जाऊन बसेल सांगता येत नाही. म्हणून मी म्हणेन, गळपट्ट्यावर विसंबू नका. अंगाभोवती बसणारा हार्नेस घ्या आणि घरी आठवडाभर आधीपासून घालायची सवय लावा. मेटल डिटेक्टर आमच्या हार्नेसच्या बकलावर वाजलाच. पडद्यामागे सीआयएसएफच्या मॅडमनी आधी मला तपासलं, मग दोन बोटांनी चिंगीला. "काटती तो नहीं ना?" चिंगीने नखं माझ्या खांद्यात रुतवून ठेवली होती, तिला कुणाला चावायला सवडच नव्हती.

विमानात बॅग पुढच्या सीटखाली आणि चेन बंद, बाहेर काढायचं नाही. पावणेदोन तासांत ती उड्डाणाच्या वेळी तेवढी म्यावली, तेही इंजिनच्या आवाजात बुडालं. शेजारच्या काकांना उतरताना कळलं की पायाशी मांजर होतं. त्यांचा पहिला प्रश्न, "तिकीट किती पडलं हिचं?" आकडा ऐकून ते माझ्याकडेच संशयाने बघायला लागले.

विमानात शहाण्यासारखी बसलेली चिंगी हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये मात्र अडकल्याबरोबर जी ओरडत सुटली ती थांबेचना. ड्रायव्हरने आरशातून एकदा बॅगेकडे पाहिलं आणि गाण्यांचा आवाज वाढवला.