चष्म्याच्या दांडीत अडकलेला डग्गा

जानेवारी, शेवटचा आठवडा

जुन्या हेडफोनने अखेर मान टाकली. आवाज अजून ठणठणीत आहे, पण पॅडवरचं रेक्झिन सोलायला लागलंय. काढून ठेवला की कानाच्या पाळीवर आणि शर्टाच्या कॉलरवर काळे कपचे. आई म्हणाली, "काजळ डोळ्यांना लावतात रे, कानाला कधीपासून?" हे रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. घाम आणि दमट हवा मिळाली की तो हळूहळू विरघळल्यासारखा सुटतो, आणि डोंबिवलीत दोन्हींची टंचाई नाही.

नवीन घ्यायचा. बजेट सगळं धरून १५ हजार. ऐकणं रात्री अकरा ते एक, घर झोपल्यावर. ख्याल, नाट्यसंगीत, रेडिओच्या काळातली जुनी ध्वनिमुद्रणं. चष्मा सतत असतो, जाड प्लास्टिकच्या फ्रेमचा. ही शेवटची माहिती मी सहज म्हणून लिहून ठेवली होती. पुढचे चार महिने तिच्याभोवतीच फिरणार आहेत हे तेव्हा कुठे माहीत होतं.

फेब्रुवारी

आधी कागदावरचा अभ्यास. मला वेगळा अँप (आवाजाला जोर देणारा डबा) घ्यायचा नव्हता. फोनला लावायचं एक साधं टाइप-सी अडॅप्टर आहे, पूर्ण आवाजाला ते साधारण १ व्होल्ट देतं. एवढ्यात कोणता हेडफोन चालेल?

इथे बरेच जण फसतात, मीही फसलो होतो. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती आवाज निघतो तो आकडा, एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. ते न बघता आकडे शेजारी ठेवले की किलो आणि लिटरची तुलना होते. उदाहरण घ्या. हायफायमॅन एचई४००एसई हा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा), ३२ ओहम (विजेला होणारा अडथळा), ९१ डेसिबल दर मिलिवॅटला. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचा २५० ओहमवाला, ९६ डेसिबल दर मिलिवॅटला. दुसरा जोरात वाजेल असं वाटतं ना? आता १ व्होल्टचा हिशेब करू. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. पहिल्याला मिळतात ३१ मिलिवॅट, म्हणजे १५ डेसिबल वर, एकूण १०६. दुसऱ्याला मिळतात फक्त ४ मिलिवॅट, म्हणजे ६ डेसिबल वर, एकूण १०२. एकाच अडॅप्टरवर "कमी सेन्सिटिव्ह" प्लेनर जास्त वाजतो.

आणि १०२ तरी कमी का आहेत? रात्री मी सरासरी ७० डेसिबलच्या आसपास ऐकतो. तबलजीने समेवर कितीही जोर काढला तरी २० डेसिबलची उडी पुष्कळ झाली. अँप हवाच हे वाक्य आपण लोकांच्या तोंडावर जरा फारच सहज फेकतो. कागदावर मी अँपवर फुली मारली, पैसे वाचले म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली.

मार्चचा पहिला शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. एका दुकानात तासभर बसलो, दुकानदार बिचारा सोशीक निघाला. मी सहा तुकडे घेऊन गेलो होतो: तंबोऱ्याची नुसती जोडी, एक विलंबित, एक द्रुत, एकल तबला, सारंगी आणि एक खरखर असलेलं जुनं मुद्रण. दोन हेडफोनची तुलना करायची तर आवाज सारखा हवा. एक-दोन डेसिबलने मोठा असलेला नेहमीच "जास्त स्पष्ट" वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. मी पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला सलग सळसळाट) लावून, फोनचा माइक पॅडला चिकटवून अंदाजे पातळी जुळवली. ओबडधोबड पद्धत आहे, पण नुसत्या कानापेक्षा बरी.

एक क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठ बंद असलेल्या कपांचा, आवडला. डग्ग्यावरचा (तबल्याच्या जोडीतला मोठा, खालच्या आवाजाचा) घिस्सा, म्हणजे तळवा घासून काढलेला नाद, असा काही गुबगुबीत आला की मी तिथेच हसलो. ९,५०० रुपये. घेतला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा चष्म्यावरून ब्रँडवर जाते, आणि दोष त्या हेडफोनचा नव्हता.

मार्च, पुढचे तीन आठवडे

घरी आणला आणि डग्गा गायब.

अगदी गायब नाही म्हणा. थाप ऐकू यायची, पण पोट नव्हतं तिला. पत्र्याच्या डब्यावर बोटं मारावीत तसं. पहिला संशय अडॅप्टरवर, म्हणून लॅपटॉपला लावून पाहिला. तेच. मग फाइलवर संशय. तेच. मग एका मित्राने बर्न-इनचा सल्ला दिला, शंभर तास वाजव, पडदा मोकळा होईल. चार रात्री कपाटात उशांखाली वाजत ठेवला. पडदा काही मोकळा झाला नाही. त्या काळात मोकळा झालो तो मीच, कारण कानाला हळूहळू त्या आवाजाची सवय होत होती. बर्न-इन बहुतेक वेळा आपलं होतं, हेडफोनचं नाही, असं माझं मत आता पक्कं आहे.

आणखी एक गोष्ट नकळत होत होती. डग्गा शोधता शोधता मी आवाज दोन-तीन घरं वर नेत होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कमी पडलेला बास आपण असा सगळाच आवाज वाढवून भरून काढतो, आणि भुर्दंड कानाला पडतो.

तंबोऱ्याने मला आणखी फसवलं. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. मी म्हणायचो, खर्ज तर छान ऐकू येतोय, म्हणजे बास ठीक आहे. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकारामुळे, त्या तारेची सगळी श्रीमंती वरच्या स्वरांशांत (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांत) असते, मूळ ६९ त्यात दुबळाच. वरचे स्वरांश पोचले की खालचा स्वर मेंदू स्वतःच जोडून घेतो. म्हणून तर फोनच्या टिचभर स्पीकरवरही तंबोरा ओळखू येतो. थोडक्यात, तंबोरा हेडफोनच्या मधल्या आणि वरच्या पट्टीची उत्तम परीक्षा घेतो, खालच्या पट्टीत मात्र तो कुणालाही पास करतो. तिथे डग्गाच हवा.

मार्च २९

सापडलं! काच पुसायला चष्मा काढला, हेडफोन डोक्यावर तसाच. आणि डग्गा परत आला. चष्मा घातला, गेला. काढला, आला. दुकानात दांड्या टोचत होत्या म्हणून मी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, हे तेव्हा आठवलं. म्हणजे पसंत केला बिनचष्म्याने आणि ऐकत बसलो चष्म्याने.

रात्री शुद्ध सूर वाजवून पाहिले. २०० हर्ट्झच्या वर काहीच फरक नाही. १२० ला किंचित. ६० ला स्पष्ट. ४० हर्ट्झ चष्म्यासकट जवळपास नाहीसा.

कारण साधं आहे. क्लोज्ड-बॅकमध्ये कान, पॅड आणि ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) मिळून एक छोटी बंद खोली होते, आणि खालचे सूर म्हणजे त्या खोलीतल्या हवेचा दाब सावकाश वरखाली करणं. दांडीने पॅड उचलला की कानामागे फट पडते. सावकाश बदलणाऱ्या दाबाला तिथून निसटायला भरपूर वेळ मिळतो, झरझर बदलणाऱ्याला मिळत नाही. सायकलच्या पंपाचा वायसर गेला की हळू दाबल्यावर हवा मागेच सुटते, जोरात दाबली तर थोडी तरी पुढे जाते. तसंच.

एप्रिल

उपाय करून पाहिले, एकेक.

पकड कमी करायला हेडफोन दोन रात्री शब्दकोशांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला. कानशिलं खूश, डग्गा आणखी नाराज. सुख आणि सील एकाच स्प्रिंगवर बसलेत, एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं. मखमली पॅड आणले, १,१०० रुपये. कानाला गार, पण मखमल स्वतःच हवा सोडते, त्यामुळे होता तो बासही पातळ झाला. पॅड बदलणं म्हणजे उशीचा अभ्रा बदलणं नव्हे, हेडफोनच बदलणं आहे. मग ईक्यू, म्हणजे एकेका पट्टीचा आवाज वेगळा कमीजास्त करणं: १०० हर्ट्झखाली ६ डेसिबल वर, आणि आवाज फाटू नये म्हणून प्रीअँप (एकूण पातळी) ६ डेसिबल खाली. चाललं. फक्त चष्मा काढला की ढोलताशा पथक घरात शिरायचं.

शेवटी चष्म्याच्या दुकानात गेलो. तारेच्या बारीक, चपट्या दांड्यांची फ्रेम, १,४०० रुपये. "कानाजवळ दांडी सपाट हवी" असं सांगितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. घरी येऊन क्लोज्डचे मूळचे रेक्झिनचे पॅड परत चढवले, ४० हर्ट्झ वाजवला. आला. पूर्ण नाही, पण डग्ग्याला पोट आलं. या सगळ्या खटाटोपात आवाजासाठी सगळ्यात कारणी लागलेले पैसे ते हेच, आणि ते ऑडिओच्या दुकानात गेलेच नाहीत.

मे

म्हणजे प्रश्न सुटला? नाही, मे आला. बंद कप, रेक्झिन, रात्री अकरालाही चिकचिक. विसाव्या मिनिटाला कान ओले. विलंबित ख्यालाला विसाव्या मिनिटाला कुठे रंग चढतो, आणि मी तेव्हा रुमाल शोधतोय. शिवाय हे पॅडही पुढच्या नाहीतर त्यापुढच्या पावसाळ्यात सोलणारच.

म्हणून ओपन-बॅक, म्हणजे कपची पाठ उघडी, हवा खेळती. या प्रकाराची सुरुवात झेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ ने केली, पिवळ्या स्पंजच्या पॅडवाला. मी त्याच घराण्यातला एचडी ५६० एस वापरलेला घेतला, ११ हजारांना. १२० ओहम, आणि सेन्सिटिव्हिटी ११० डेसिबल, पण दर व्होल्टला, म्हणजे माझ्या अडॅप्टरवर थेट ११०. स्वयंपाकघरातल्या काट्यावर केबल सोडून २४० ग्रॅम भरला. मखमली पॅड मुळातलेच, म्हणजे आवाज त्यांना धरूनच बसवलेला. मागून हवा आधीच मोकळी, त्यामुळे चष्म्याचा फरक पडतो पण थोडा. डग्गा त्या दुकानातल्याइतका गुबगुबीत नाही. मात्र घिस्सा कुठून सुरू झाला आणि कुठे थांबला ते बोटाने दाखवता येतं. सलग दोन तास ऐकलं आणि हेडफोन डोक्यावर आहे हे विसरलो.

तोटेही लिहितो. पंखा तीनवर असेल तर तो साथीला बसतो, म्हणून दोनवर. आणि बायकोला पलीकडून तंबोरा ऐकू येतो. "निदान सुरात तरी आहे" एवढीच तक्रार.

एक गंमत. लोकलसाठी म्हणून १,८०० रुपयांचे वायरवाले इन-इअर घेतले. कानाच्या भोकातच सील, चष्म्याचा संबंध नाही. ४० हर्ट्झ सगळ्यात भरदार वाजला तो यांच्यात. मग बाकी खटाटोप कशाला? कारण तासाभरात कानाचं भोक दुखतं आणि गवई माझ्या दोन कानांच्या मधोमध मांडी घालून बसतो. ठाण्यापर्यंत ठीक आहे.

जूनचा पहिला आठवडा

हिशेब: क्लोज्ड ९,५००, मखमली पॅड १,१००, फ्रेम १,४००, एचडी ५६० एस ११,०००, इन-इअर १,८००. झाले २४,८००. क्लोज्ड ७,००० ला गेला, म्हणजे निव्वळ १७,८००. बजेट २,८०० ने फुटलं. घरात आकडा १५ हजारच सांगितलाय.

क्लोज्ड घ्यायला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता. चष्मा माझ्या जुन्या फ्रेमपेक्षा जाड. मला राहवेना. त्याला बसवलं, एकल तबला लावला, चष्मा काढायला लावला, घालायला लावला, फट, दाब, सायकलचा पंप, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा परत नीट बसवला आणि म्हणाला, "काका, मी फक्त गेम खेळतो. यूपीआय चालेल ना?"